जोडी फोडायची नाही

"पातं तसंच राहू द्या, मी आलीच," असं म्हणून तू मशीनवरून उठलीस. मी राहू दिलं. आषाढातली ती सकाळ होती. फळीत अर्धवट कापलेला बैल, त्या कापात अडकलेलं पातं, खाली भुशाचा ढीग आणि शेजारी तुझा चष्मा. तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, स्वाती पुण्याला परत गेली, पण त्या खोलीत मी कोणाला झाडू घेऊन जाऊ दिलं नाही. आलीच म्हणाली होतीस ना? तुझ्या शब्दावर विश्वास ठेवायची मला उभ्या जन्माची सवय.

नलू, हे नाव मी घरात मोठ्यानं कधी घेतलं नाही. हाक मारायची तर 'स्वातीची माय', नाहीतर नुसतं खाकरायचं. आता बिनधास्त घेतो. ऐकून लाजायला कोणी नाही आणि 'आज काय झालं तुमाले?' म्हणून विचारायलाही कोणी नाही.

वाशीमच्या दवाखान्यात नेताना त्या दिवशी गाडीत तू माझ्या खांद्याला टेकली होतीस. स्वतःच्याच मनगटावर दोन बोटं ठेवली होतीस, हे मी पाहिलं. मी विचारलं, "काय म्हणते?" तर तू म्हणालीस, "गाडी हळू चालवाले सांगा त्याले. खड्डे लय हायत." नलू, खड्डे नव्हते. रस्ता नवाकोरा होता. जन्मभर अनसिंगच्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या बायाबापड्यांच्या नाड्या पाहिल्यास, प्रत्येकाला खरं ते तोंडावर सांगितलंस, आणि तुझ्या नाडीचं तेवढं मला सांगितलं नाहीस. याचा मला राग आहे. तो मी इथे लिहून ठेवतो, कारण समोर बसून भांडायची सोय तू ठेवली नाहीस.

तू नर्सच्या नोकरीतून निवृत्त झालीस तेव्हा मला वाटलं होतं, आता ही देवदेव करेल, पापड करेल, माझ्या डोक्याशी बसेल. मी एसटीच्या कंडक्टरकीतून आधीच सुटलो होतो आणि घरात एकट्यानं पाय पसरून बसायची मला छान सवय झाली होती. तू काय केलंस? फोनवर कुठल्यातरी बाईला लाकडातून फुलं-पाखरं कापताना पाहिलंस आणि स्वातीच्या मागे लागलीस. पोरीनं चौकशी केली. ते यंत्र अकोल्याहून पुसदच्या गाडीत, माझ्या मांडीवर बसून आलं. सगळ्या आयुष्यात मी लोकांचं सामान सीटखाली ढकलायला लावलं, आणि त्या दिवशी मीच ते लेकरासारखं धरून बसलो होतो. माझ्या जागेवरचा कंडक्टर ओळखीचा निघाला आणि हसत राहिला.

स्वाती त्याला 'स्क्रोल सॉ' म्हणायची. गल्लीनं तुझ्या कामालाच दुसरं नाव दिलं. केसासारखं बारीक पातं शिलाई मशीनच्या सुईसारखं खालीवर होतं, आपण फळी फिरवायची आणि पातं रेघेरेघेनं चालतं. ते पाहून समोरची वंदना म्हणाली, "काकू लाकूड शिवून राह्यल्या." झालं. तेव्हापासून तू लाकूड शिवणारी बाई. रफिकभाईंच्या फर्निचरच्या दुकानातले उरलेसुरले तुकडे पिशवीत भरून आणायचीस आणि दुपारच्या जेवणापर्यंत कर्र कर्र चालायचं. भुसा पोह्यात, भुसा चहात, भुसा माझ्या कानात. मी ओरडायचो. तू म्हणायचीस, "लाकडाचाच हाय. पोटात गेला तरी मरत नाई माणूस."

एवढं सगळं कशासाठी, ते तू मला खूप उशिरा सांगितलंस. पहिल्यांदा मी चिडवायचो, की सुया टोचून टोचून हिचा हात थांबत नाही, आता लाकडाला टोचते. एकदा चिडूनच म्हणालीस, "हसा. पण मले पाह्यलं की गावातली लेकरं घरात घुसत होती, हे तुमाले माहीत हाय का? त्यायच्या माया सांगत, जेव नाईतर नर्सबाईले बोलावतो. पांढरी साडी दिसली की रस्ता खाली व्हये. आता तरी जरा माह्याकडे पळत येऊ द्या की लेकरायले." दुसऱ्या दिवशी गुपचूप खरखरीत आणि बारीक असा दोन्ही प्रकारचा पॉलिश पेपर आणून ठेवला.

तेव्हा तू तान्ह्या पोळ्याचे बैल करायला लागलीस. थोरामोठ्यांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी आपल्याकडे लेकरांचा. मारुतीसमोर तोरण बांधायचं, लाकडाचे बैल दोरीनं ओढत न्यायचे, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणायच्या आणि मग घरोघर खाऊ मागत फिरायचं. बाजारात ते बैल मिळतातच. पण तुझ्या बैलाला वशिंड होतं, गळ्याखाली लोंबणारी पोळी होती, मान जरा खाली घातलेली होती. माहेरी आसेगावच्या शेतात लहानपणी पाहिलेलाच बैल तुझ्या हातून उतरायचा.

कामाची वाटणी तूच केलीस. रेघ तुझी, कापणं तुझं आणि घासणं माझं. मशीनला हात लावायची मला मनाई. "तुमचा हात धक्क्याचा हाय. जिंदगी गाडीत उभं राहून गेली, तुमी सरळ रेघेत जाऊच शकत नाई." मी ओट्यावर बसून घासायचो. एक बैल गुळगुळीत झाला की लाकडावर बोटानं दोनदा टकटक करायचो, गाडी सोडायची डबल बेल, आणि आतून पुढचा बैल यायचा. कधी मी शिंगं जास्त घासली की तू दारात येऊन उभी राहायचीस. "बैल हाय का शेळी? शिंगाले काहून गोल करता?" शेजारी ऐकायचे आणि हसायचे. मी पण मुद्दामच घासायचो थोडं, तुला बाहेर बोलवायला.

आपलं खरं भांडण मात्र जोडीवरून. तू दोन पातळ फळ्या एकमेकींना चिकटपट्टीनं घट्ट चिकटवायचीस, वरच्या फळीवर पेन्सिलीनं बैल काढायचीस आणि दोन्ही एकदमच कापायचीस. कापून झालं की सुरी घालून त्या अलग करायच्या. दोन बैल, सारखेच्या सारखे. मी म्हणायचो, "अवो, तान्ह्या पोळ्याले लेकरू एकच बैल नेते. दोन निंगतात त दोघाले दे. निम्म्या मेहनतीत गल्ली होईल." तुझं उत्तर ठरलेलं. "जोडी फोडाची नाई."

"काहून पण?"

"एकला बैल लेकरू जुंपणार कशाले?"

"लाकडाचा हाय तो!"

"म्हून काय झालं?"

तुझ्या बापाची गोष्ट मग निघायचीच. त्यांच्या जोडीतला एक बैल पान लागून, म्हणजे साप चावून, मेला. दुसऱ्याला बाजार दाखवायला घरातले सगळे तयार होते, पण मामंजींनी ऐकलं नाही. नव्या बैलासोबत जुंपलाही नाही आणि विकलाही नाही. खुंट्यावर बांधून मरेपर्यंत खाऊ घातलं. मी म्हणायचो, "मंजे पेन्शन दिली म्हणा की बैलाले." तू रागावून आत जायचीस आणि मशीन चालू करायचीस. दर वर्षी हा वाद, दर वर्षी इथेच तुटायचा. यंदाही श्रावणात काढू म्हणून मी एक-दोन नवे मुद्दे मनात तयार ठेवले होते. आता मीच खुंट्यावर आहे, पेन्शन खात.

तुला वाटत असेल, बरं झालं, आवाज नाही, भुसा नाही, बसला असेल पाय पसरून. नलू, सकाळी दहा वाजले की घरातली शांतता अंगावर येते. मी रेडिओ लावतो. टीव्हीही लावतो. दोन्ही एकदम लावून पाहिले. त्यात कर्र कर्र नाही. पोहे करतो आणि चमच्यानं उगाच चाळून पाहतो. एके दिवशी थंडीतला मफलर काढला, तर त्याच्या घडीतून सागवानाचा भुसा सांडला. मी तो फरशीवरून बोटानं गोळा केला आणि मग काय करायचं ते न सुचून तिथेच बसून रडलो. तुझ्या समोर मी असा कधी रडलो नसतो.

स्वाती रोज फोन करते. तिचं खरंच माझ्यावर लक्ष आहे. एकदा म्हणाली, "बाबा, ते मशीन देऊन टाका ना कोणाला. पाहून पाहून त्रास होईल तुम्हाला." मी म्हणालो, "मग मलेही देऊन टाक कोणाले." पोरीनं फोन ठेवला. मग मीच दोन तासांनी फोन केला आणि भलत्याच विषयावर बोललो.

श्रावण निम्मा झाला तेव्हा वंदना भाकरी आणि ठेचा घेऊन आली. दारातच उभी राहून म्हणाली, "काका, एक सांगाचं होतं. यंदा तुमच्याकडे सण नाई. मी गल्लीतल्या सगळ्या लेकरायले सांगतलं हाय, काकांकडे बैल मागाले जायचं नाई म्हून. तुमाले तरास नको." तिचं मन चांगलं. मी 'बरं केलं' म्हणालो. पण त्यानंतर मी ओट्यावर बसून पाहायला लागलो. शाळा सुटली की लेकरं आपल्या दारापर्यंत गोंधळ करत येतात. दारापाशी आली की एकदम गप्प होतात, भिंतीला लागून चालतात आणि पुढे गेली की पळत सुटतात. वंदनाची धाकटी आरू, जिला यंदा पहिल्यांदा बैल द्यायचं तू कबूल केलं होतंस, ती एकदा फाटकाशी आली. माझी आणि तिची नजर भेटली. ती पळाली. घरात घुसली आणि दार लावून घेतलं.

तिथे माझा बांध फुटला. दहा वर्षं लाकूड शिवून जी गल्ली तू दाराकडे वळवली होतीस, ती पुन्हा पांढऱ्या साडीला घाबरायला लागली होती, आणि साडी नेसणारी तर नव्हतीच. सण नसेल तर नसू दे आपल्याला. लेकरांना आहे. मी त्याच दिवशी तुझ्या खोलीत गेलो.

भिंतीतल्या फळीवर जोड्या रांगेनं ठेवलेल्या होत्या, कापून, अलग करून, घासायला तयार. प्रत्येक जोडीतला खालच्या फळीतून निघालेला बैल मी पटापट घासला. वरच्यांशी आलो आणि हात थांबला. तू नेहमी रेघेच्या जरा बाहेरून कापायचीस, म्हणून वरच्या प्रत्येक बैलाच्या कडेनं तुझी पेन्सिल राहिलेली. पोटाखालून गेलेली, शेपटीशी वळलेली. डोळ्याच्या जागी टिंब. खालच्या बैलांवर काहीच नाही, कारण खालच्या फळीवर तू रेघ काढतच नव्हतीस. आजवर शेकड्यानं रेघा मी घासून टाकल्या असतील आणि एकीकडेही नीट पाहिलं नव्हतं. आता कागद लावला की तुझ्या हातानं काढलेलं शेवटचं जे काही या घरात आहे, ते मीच पुसणार.

दोन दिवस तसाच बसून राहिलो. एक विचार येऊन गेला, तुला आवडणार नाही तरी सांगतो. खालचे बैल लेकरांना द्यावेत, एकेकाला एकेक, आणि वरचे रेघेसकट मी ठेवून घ्यावेत. माझंच म्हणणं खरं झालं असतं. गल्ली पुरली असती, आरूलाही मिळाला असता. 'नाई' म्हणायला तू नव्हतीस. पण तू नसताना वाद जिंकून करायचं काय? आणि अर्धे बैल पेटीत डांबून मी त्यांच्याकडे बघत बसलो असतो, तर मामंजींच्या खुंट्यावरचा तो बैल तरी बरा होता म्हणायची वेळ आली असती.

घासले. सगळे घासले. आधी खरखरीत कागद, मग बारीक. शिंगं गोल केली नाहीत, तुझी शपथ. तुझ्या रेघा कागदावर काळपट होऊन आल्या. तो कागद मी टाकला नाही.

राहिली ती मशीनवरची अर्धी जोडी, आरूची. शेपटीपासून वशिंडापर्यंत तू कापलं होतंस, मान आणि शिंगं तशीच फळीत. पोळ्याच्या दिवशी दिवसभर मी त्या खोलीच्या आतबाहेर केलं. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी आंघोळ करून तुझ्या स्टुलावर बसलो. तुझा चष्मा लावून पाहिला, काहीच दिसेना, माझा लावला. बटण दाबलं तशी फळी उडाली, हातात थरथरली. 'दाबून धरा' हे तू रफिकभाईंच्या पोरीला शिकवताना मी ओट्यावरून ऐकलं होतं. दाबून धरली. कर्र कर्र सुरू झालं. इतक्या दिवसांनी घरात तो आवाज झाला आणि समोरच्या घराची खिडकी उघडली, हे मला न पाहता कळलं.

तू म्हणायचीस ते शंभर टक्के खरं. माझा हात धक्क्याचा. मानेपर्यंत कसाबसा आलो. शिंगाशी भीती वाटली, मोडलं तर? म्हणून पातं रेघेपासून दूर ठेवलं, आणखी दूर ठेवलं, आणि जे झालं त्याला शिंग म्हणायचं तर धाडस पाहिजे. बैलाच्या डोक्यातून मुळा उगवल्यासारखा. सुरी घालून फळ्या अलग केल्या. खालच्या बैलालाही तोच मुळा, तेवढाच जाड, त्याच बाजूला वाकलेला. मी चुकलो ती चूक दोघांना सारखी मिळाली. कितीतरी दिवसांनी मी घरात एकटा मोठ्यानं हसलो.

आणि मग दिसलं. मी इतक्या बाहेरून कापलं होतं, की वरच्या बैलाच्या शिंगात तुझी रेघ अख्खी राहिली होती. माझ्या जाडजूड मुळ्याच्या आत तुझं बारीक, डौलदार शिंग, एका दमात काढलेलं. बाकीचा बैल घासला. तिथे कागद नेला नाही. चाकं लावली, दोघांच्या मानेवर काडीचं जू बांधलं आणि सवयीनं लाकडावर दोनदा टकटक केली. आतून कोणी पुढचा बैल पाठवला नाही. मी जरा वेळ थांबलो होतो, हे खरं.

जोड्या टोपल्यात भरून मी वंदनाच्या दारात नेऊन ठेवल्या. ती पदर तोंडाला लावून उभी. मी म्हणालो, "वाटून दे सगळ्यायले. आणि लेकरायले सांग, दारावरून गुपचूप गेलेत त काकांले राग येते." आरूची जोडी तिनं हातात घेतली, फिरवून पाहिली. "काका, इथं पेन्सिल राह्यली. घासून देऊ का?"

"राहू दे," मी म्हणालो. "काकूची हाय."

संध्याकाळी मी ओट्यावर खोबरं आणि साखरेची वाटी घेऊन बसलो. मारुतीकडून झडत्यांचा आवाज आला, मग रस्त्यावर चाकांची खडखड. लेकरं फाटकापाशी येऊन थांबली. कोणी आत येईना, एकमेकांकडे पाहत राहिली. मग गर्दीतून ती दोन मुळ्याच्या शिंगांची जनावरं निघाली आणि त्यांच्या पुढे दोरी धरून आरू. पळत आली, नलू. दाराकडे. बैल पायरीवर आपटले, एक आडवा पडला, तिनं उभा केला आणि हात पुढे केला. तिच्या मागून सगळी गल्ली. माझी वाटी संपली, मी घरातला गूळ आणला, तोही संपला.

जाताना आरूनं विचारलं, "आजोबा, पुढच्या वर्षी पण?" मी काय उत्तर दिलं असेल ते तू ओळख. हात धक्क्याचा असला तरी शिकायला आता माझ्याकडे वेळच वेळ आहे.

ती सगळी गेल्यावर मी आत आलो. काम झालं की पातं सैल करायचं, नाहीतर ते ताणूनच खराब होतं, असं तू म्हणायचीस. मागची चावी फिरवून ते सैल केलं. चष्मा डबीत ठेवला. भुसा उद्या झाडेन. यंदाचे सगळे बैल गेले, सगळे जोडीनं गेले. एकही जोडी मी फोडली नाही, नलू. फोडली ती तू, आपली.